मुंबईत दोन दिवस: फोर्टात उतरावं की वाशीला?

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग इथे देते:

"फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी मुंबई बघायला जायचं ठरलंय. मी, मिस्टर, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. आम्हा कुणालाच मुंबईची फारशी माहिती नाही. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, शनिवारी सकाळी सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), रविवारी रात्री महालक्ष्मीनेच परत. तिकिटं काढून झालीत, अडलंय ते हॉटेलपाशी. फोर्टात स्टेशनजवळ चौघांची एक खोली मिळतेय. पाचवी गादी टाकून देतात, भाडं ५,९०० रुपये, नाश्ता नाही. नवी मुंबईत वाशीला त्याहून मोठी, नवी कोरी खोली ३,४०० ला मिळतेय, नाश्ता धरून, वर स्विमिंग पूल. मिस्टर म्हणतात, हॉटेलात काय, झोपायलाच तर जायचंय, मग अडीच हजार कशाला घालवायचे? मला त्यांचं म्हणणं पटतं, पण मन घेत नाही. एका रात्रीसाठी एवढा फरक द्यावा का?"

ताई, द्यावा. फोर्टातलीच खोली घ्या. का, ते सविस्तर सांगते, म्हणजे घरात बोलताना तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी पैशांचा हिशेब सरळ मांडू, कारण मिस्टरांचा मुद्दा खोटा नाही. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला. तुम्हाला सांगितलेल्या भाड्यात तो धरला नसेल, तर फोर्टाचे होतात ६,१९५ आणि वाशीचे ३,५७०. वाशीला नाश्ता फुकट आहे, फोर्टात पाच जणांचा बाहेर करावा लागेल, त्याचे पाच-सहाशे धरा. म्हणजे खरा फरक सव्वातीन हजारांच्या घरात जातो. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नाही.

आता वेळेचा हिशेब. शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास तुम्ही सीएसएमटीला उतरणार आणि रविवारी संध्याकाळी साडेसातला परत तिथेच यायला हवं. हातात छत्तीस तास. झोपेचे नऊ काढले की उरतात सत्तावीस. वाशी ते सीएसएमटी हार्बर लोकलने पन्नास मिनिटं लागतात, पण ती फक्त गाडीतली. हॉटेलातून पाच माणसांनी बाहेर पडायचं, रिक्षात तीनच माणसं बसतात म्हणून दोन रिक्षा शोधायच्या, वाशी स्टेशनात तिकीट काढायचं, गाडीची वाट बघायची, आणि सीएसएमटीला उतरल्यावर गेटवेपर्यंत टॅक्सी करायची. दारापासून दारापर्यंत दीड तास धरा. अशा चार खेपा झाल्या तर सत्तावीसातले सहा तास प्रवासातच गेले.

मिस्टर म्हणतील, चार कशाला? सकाळी बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकू, दिवसभर फिरू, रात्री वाशीला जाऊ, रविवारी सकाळी परत येऊ. दोनच खेपा. कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण मग सासूबाई शुक्रवारी रात्री गाडीत झोपणार (गाडीतली झोप कशी असते ते आपल्याला माहीत आहे), सकाळी साडेसातला उतरणार आणि रात्री नऊ-साडेनऊला त्यांची पाठ गादीला लागणार. मध्ये चौदा तास ना अंघोळ, ना आडवं होणं, ना हक्काचं बाथरूम. एकाहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी. सहा वर्षांच्या मुलाचंही तेच. दुपारी दोनला तो रडायला लागेल तेव्हा तो हट्टी नसेल, दमलेला असेल.

म्हणून 'झोपायलाच तर जायचंय' हे वाक्य मला मान्य नाही. चार कॉलेजची पोरं फिरायला निघाली तर त्यांनी खुशाल वाशीला, पनवेलला, कुठेही राहावं. म्हातारं माणूस आणि लहान मूल सोबत असलं की हॉटेलची खोली रात्रीइतकीच दुपारसाठी लागते. तुम्ही ते जास्तीचे सव्वातीन हजार शनिवारच्या दुपारी दोन ते साडेचारसाठी देताय, असं समजा. मला तरी ते योग्य वाटतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी आईला मुंबई दाखवायला घेऊन गेले होते. खोली घेतली नवी मुंबईत, कारण तुमच्या मिस्टरांसारखाच विचार मीही केला होता. सकाळी गेटवे झालं, मग म्युझियम. दीड वाजता म्युझियमच्या बागेत एका बाकावर आई टेकली. तिने चपला काढल्या, तर पावलांवर पट्ट्यांचे लाल वळ उठलेले. मला म्हणाली, "मी इथेच बसते, तुम्ही या बघून." तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं, तिला कंटाळा आलाय. आम्ही बघून आलो, ती तिथेच बसून होती. पुढे प्रत्येक ठिकाणी ती बाहेरच बसून राहिली. मुंबई बघायची हौस तिची होती आणि दुपारनंतरची मुंबई बघितली आम्ही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मेगाब्लॉक बघितलाच नव्हता. तुम्हाला याची सवय नसेल म्हणून सांगते: रेल्वे रुळांच्या आणि तारांच्या देखभालीसाठी बहुतेक रविवारी लोकलच्या काही मार्गांवर ब्लॉक घेते. मध्य आणि हार्बर मार्गावर तो साधारण सकाळी अकरापासून दुपारी चार-साडेचारपर्यंत असतो, म्हणजे नेमका फिरण्याच्या वेळी. हार्बरवर कधी सीएसएमटी ते चुनाभट्टी या टप्प्यात गाड्या बंद, कधी कुर्ला-वाशी, कधी त्याच्याही पुढे. टप्पा दर आठवड्याला बदलतो, शुक्रवार-शनिवारी जाहीर होतो. त्यातून रविवारी लोकल मुळातच कमी धावतात. मी आईला आणि बॅगांना घेऊन ठाण्यामार्गे वळसा घातला. ठाण्याच्या जिन्यावर ती कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी चढली, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. दोष माझाच होता, माहिती पेपरात छापलेली होती. तुमचा रविवारही असाच मध्ये येणार आहे आणि वाशीला राहिलात तर त्या रविवारी बॅगांसकट यावं लागणार आहे.

दोन वर्षांनी आईला पुन्हा नेलं, तेव्हा फोर्टात उतरलो. खोली इतकी लहान की बॅग जमिनीवर उघडली तर बाथरूमचं दार उघडेना. पण आई दोन वाजता येऊन पडली, चारला उठली, तोंड धुतलं, दुसरं पातळ नेसली आणि म्हणाली, "चला, आता कुठे?" त्या संध्याकाळी ती मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सूर्य बुडेपर्यंत बसली होती, आणि उठायला तयार नव्हती.

आता फोर्टातल्या खोलीबद्दल. मी ती घ्या म्हणतेय, पण डोळे झाकून नाही. दक्षिण मुंबईतली मध्यम दरातली बरीच हॉटेलं जुन्या इमारतींत आहेत, एखादा मजला घेऊन चालवलेली. फोटोत गादी आणि पडदा दिसतो, जिना दिसत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करा, आणि पहिला प्रश्न हा विचारा: रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारून भागत नाही, कारण पुष्कळ जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण ती आठ-दहा पायऱ्या चढल्यावर सुरू होते. मग विचारा की खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, कारण बिनखिडकीच्या आतल्या खोल्याही विकल्या जातात. कमोड आहे का, बाथरूमला उंच उंबरा आहे का. पाचव्या गादीचे वेगळे पैसे किती. हे सगळं बोलून झालं की तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि 'हो' असं उत्तर घ्या. काउंटरवरचा माणूस बदलला तरी ते उत्तर तुमच्याजवळ राहतं.

'स्टेशनजवळ' या शब्दावरही विसंबू नका. सीएसएमटीजवळ म्हणून जाहिरात असते आणि हॉटेल निघतं मस्जिद बंदरच्या गर्दीत. पत्ता मागा, नकाशावर चालण्याचं अंतर बघा. पंधरा मिनिटांच्या आत असेल तर ठीक. आणि लोकांचे अभिप्राय वाचताना गेल्या सहा महिन्यांतलेच वाचा, त्यातही ज्यांनी आईवडिलांना सोबत नेलं होतं त्यांचे.

सगळ्यात महत्त्वाची अडचण शनिवार सकाळची. तुम्ही पोहोचणार साडेसातला, आणि बहुतेक हॉटेलांत खोली मिळते बारानंतर, कुठे कुठे दोननंतर. फोनवरच सांगा, रेल्वेने येतोय, सोबत ज्येष्ठ आहेत, सकाळी खोली मिळेल का. आदल्या रात्री ती रिकामी असेल तर पुष्कळदा देतात, कधी थोडे जास्तीचे पैसे घेऊन. नाहीच म्हणाले, तर सीएसएमटीलाच रेल्वेची रिटायरिंग रूम घेता येते. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून बुकिंग होतं, पण खोल्या मोजक्या, म्हणून आजच बघा. सासूबाईंना तीन तास पाठ टेकायला मिळाली आणि सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की शनिवार चांगला जाईल.

तुमच्या तारखेबद्दल एक सांगायचंय. फोर्टातल्याच काळा घोडा भागातला कला महोत्सव साधारण जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस भरतो. तारखा बघून घ्या. तुमचा शनिवार-रविवार त्यात येत असेल तर फोर्टातल्या खोल्या लवकर भरतील, तेव्हा फार दिवस विचारात घालवू नका. मुलांना मात्र मजा येईल, रस्त्यावर मोठमोठ्या कलाकृती मांडलेल्या असतात आणि प्रवेश फुकट असतो. जानेवारीचा तिसरा रविवार तुम्ही धरला नाहीत हे बरं झालं. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन असते आणि सीएसएमटीच्या आसपासचे रस्ते सकाळभर बंद असतात.

फिरण्याचं तुम्ही विचारलेलं नाही, पण हॉटेल तिथे का हवं ते त्याशिवाय कळणार नाही. फोर्टात राहिलात की शनिवारी दूर कुठे जायचंच नाही. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते सव्वादहाला उघडतं. १९२२ पासून लोकांसाठी खुली असलेली ही इमारत बाहेरूनही बघण्यासारखी आहे. तिथून गेटवे हाकेच्या अंतरावर. घारापुरीचा मोह या खेपेला टाळा, हे मी आग्रहाने सांगेन. लाँचने एक तास जायला, एक यायला, आणि वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. अर्धा दिवस जातो आणि गुडघे संपतात. त्याऐवजी गेटवेवरूनच अर्ध्या तासाची लाँचची फेरी मिळते, त्यात मुलांना समुद्र मिळेल आणि सासूबाईंना बसून मुंबई दिसेल. लाँचमध्ये चढता-उतरताना पायऱ्या ओल्या असतात, त्यांचा हात धरा. मग जेवून खोलीवर. साडेचारला चहा घेऊन मरीन ड्राइव्ह. आणि रात्री जेवण झाल्यावर सीएसएमटीच्या समोर, महापालिकेच्या बाजूला जाऊन उभं राहा. १८८७ सालची ती इमारत दिव्यांत उजळलेली असते. वाशीला राहिलं तर नेमक्या त्या वेळी तुम्ही लोकलच्या गर्दीत असता.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, हे लक्षात ठेवा. टॅक्सी किंवा बस. काळी-पिवळी टॅक्सी चार प्रवासी घेते, पाचवं मूल घ्यायचं की नाही ते चालकावर. नाही म्हणाला तर दोन टॅक्सी करा. सुरुवातीच्या दीड किलोमीटरला ३१ रुपये पडतात, सीएसएमटी ते गेटवे पन्नास-साठच्या आत-बाहेर. इथे अंतरं लहान असल्यामुळे दोन टॅक्सी केल्या तरी खिशाला जाणवत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना सिद्धिविनायकाचं दर्शन हवंय आणि ते फोर्टापासून लांब पडेल. पूर्वी पडायचं. आता मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका ९ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते आणि तिच्यावर सीएसएमटीही आहे, सिद्धिविनायकही. मध्ये काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड असं करत नववं स्टेशन. इथवर पूर्ण भुयारी, वातानुकूलित, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, आणि लोकलच्या मेगाब्लॉकचा तिच्याशी काही संबंध नाही. रविवारी नाश्ता करून दर्शनाला जा. मंदिरात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असते, गेटवरच विचारा. तिथून दादर जवळ आहे, मिसळ, साबुदाणा वडा, पियुष असं आपलं खाणं खायचं तर तिथेच. सासूबाई उपवासाच्या असतील तरी सोय होते.

रविवारी खोली अकरा-बारापर्यंत सोडावी लागेल. दर्शनाला निघण्याआधीच बॅगा भरून काउंटरवर ठेवा, पावती घ्या किंवा निदान फोटो काढा. दिवसभर हात मोकळे. मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे असतील तर दादरहून परतताना भायखळ्याला उतरता येईल, पण लोकलचा ब्लॉक बघून. नाहीतर टॅक्सी. खरेदीचं मात्र शनिवारी उरका, मंगळदास मार्केट रविवारी बंद असतं आणि क्रॉफर्ड मार्केटमधलीही बरीच दुकानं.

आता मिस्टरांच्या बाजूनेही बोलते, कारण काही वेळा वाशीच बरोबर असते. तुम्ही स्वतःची गाडी घेऊन येणार असता तर मी फोर्ट सुचवलं नसतं. तिथे गाडी लावायला जागा मिळवणं हाच दिवसाचा उद्योग होतो. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर छोट्या गाड्यांना टोल नाही, हे खरं, पण गाडी आत नेणं सोपं झालं म्हणून उभी करणं सोपं झालेलं नाही. गाडी असेल तर वाशीला पार्किंगसह खोली घ्यावी आणि लोकलने किंवा टॅक्सीने आत यावं. तीन-चार रात्री राहणार असाल तर रोजचे तीन हजार खरोखर जड होतात, आणि एखादा दिवस नुसता हॉटेलात, पूलमध्ये घालवायलाही वेळ असतो. नेरूळच्या स्टेडियममध्ये कार्यक्रम असेल, ठाण्यात लग्न असेल, तर शहराच्या मध्यात जाऊन राहण्यात काही अर्थ नाही. जिथे काम तिथे खोली.

फोर्टातली ती खोली फोनवर पास झाली नाही, लिफ्टपर्यंत वीस पायऱ्या निघाल्या, असं झालं तर? मग वाशीकडे न वळता मेट्रोच्या मार्गिकेवर शोधा. दादर, गिरगाव, मुंबई सेंट्रल. त्याहून पुढे, अंधेरी पूर्वेला मरोळ नाक्याच्या आसपास कामानिमित्त येणाऱ्यांची हॉटेलं आहेत. आठवडाभर ती भरलेली असतात आणि शनिवार-रविवारी बऱ्याचदा दर खाली येतात. मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जाता येत असेल तर तिथून फोर्टातला हुतात्मा चौक पाऊण-एक तास, एकाच गाडीत बसून. दुपारी परत येणं तरीही जमणार नाही, म्हणून तुमच्यासाठी हा शेवटचा पर्याय. पण मुलं मोठी आणि घरात कुणाला त्रास नसेल अशा वाचकांना मी आता हे बिनधास्त सुचवते. दोन वर्षांपूर्वी सुचवलं नसतं.

पुण्याबद्दलही असाच प्रश्न दोन-तीन पत्रांत आहे: पेठेत राहावं की वाकड-हिंजवडीला. तिथेही मी मेट्रोच बघते. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गावर कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं आहेत, तेव्हा पिंपरीतलं हॉटेल स्टेशनला लागून असेल तर चालेल. हिंजवडीला राहून शनिवारवाडा बघायचा म्हणजे दिवसाचे दोन तुकडे वाहतुकीत जातात.

तर ताई, उद्या सकाळी फोन लावा, दुपारी नको. सकाळी काउंटरवर माणसं खोल्या सोडत असतात, कुठली खोली लिफ्टजवळ आहे, कुठल्या खोलीला खिडकी आहे ते त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. फोन स्पीकरवर ठेवा आणि सासूबाईंना शेजारी बसवा. पायऱ्या किती चालतील, ते त्यांनाच सांगू द्या.